हँडब्रेक धरत नाही? केबल राहू द्या, आधी ड्रम उघडा

मागच्या उन्हाळ्यात लळिंग घाटात चढावर जाम लागला, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी मागे सरकायला लागली अन् मागे केळीचा ट्रक, घामच फुटला भो. आधी एका गॅरेजवाल्याने केबल ताणून दिली होती, आठ दिवसात परत तेच. लायनर (ड्रमच्या आत शूवर चिकटवलेला, घासून चाक धरणारा थर) झिजलेले असले तर केबल ताणून काय होणार?

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक (चाकामागचा लोखंडी डबा, आतून दोन अर्धगोल शू त्याला घासतात) असलेल्या छोट्या गाड्यांचं सांगतो. काम सकाळी लवकर काढा, आपल्याकडे मे महिन्यात दहानंतर पान्याला हात लागत नाही. सपाट जागा, पहिला गिअर, पुढच्या चाकांना उटी (अडकण), मागच्या चाकाचे नट आधी जमिनीवरच ढिले करायचे, मग जॅक अन् खाली स्टँड. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही. आता चाक काढा अन् हँडब्रेक सोडा.

ड्रम अडकला तर हातोडीने बडवू नका, बऱ्याच ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात दोन बोल्ट घालून दोन्ही एकसारखे पिळले की तो स्वतःच बाहेर येतो. आतली धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसा.

लायनर एक-दीड मिलिमीटरवर आला, तडकला किंवा तेलकट झाला की बदला. तेलकट असेल तर व्हील सिलिंडरचं (पेडल दाबलं की शू बाहेर ढकलतो तो) रबर उचलून बघा, ओलं दिसलं तर आधी तो बदला, नाहीतर नवीन लायनरही जाणार. ड्रम आतून घासून जास्तीत जास्त किती मोठा झालेला चालतो ते बहुतेक त्याच्यावरच कोरलेलं असतं.

दोन्ही बाजूचे शू बदलायचे पण एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बघून ही जोडता येते. मोबाईलवर फोटो काढा, मी काढला नव्हता अन् एक स्प्रिंग पक्कडीतून सुटून ओट्याखाली गेली, अर्धा तास तीच शोधत बसलो. हँडब्रेकचा आतला लिव्हर (ज्याला केबल अडकते तो) जुन्या शूवरून काढून नव्याला लावायचा. अ‍ॅडजस्टर (शू अन् ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा आट्यांचा तुकडा) डावा-उजवा अदलाबदल करू नका, आटे उलटे असतात. बॅकप्लेटवर (मागचा पत्रा, ज्यावर हे सगळं बसतं) शू टेकतो तिथे ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच, लायनरला हात लावायचा तो पण कोरड्या हाताने. अन् ड्रम बाहेर असताना ब्रेक पेडल कोणी दाबू नये, पोरांना गाडीत बसू देऊ नका.

ड्रम बसवून अ‍ॅडजस्टर एवढाच फिरवा की चाक हाताने फिरवताना हलकी घासल्याची खरखर यावी. केबलला पाना लावायचा तो यानंतर, तोही लागलाच तर.