ड्राइव्हच्या नावातला ‘&’ आणि अर्धाच झालेला बॅकअप

सपोर्टच्या कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला, जुनं ड्रॉइंग बॅकअपमध्ये सापडत नाही. बॅकअप रोज रात्री चालायचा. उघडून पाहिलं तर वरच्या सुट्या फाइली होत्या, ग्राहकांच्या नावाचं एकही फोल्डर नव्हतं.

मी हार्ड डिस्कवर संशय घेतला. केबल बदलली, पोर्ट बदलला, चेकडिस्क (डिस्कमधले दोष तपासणारी कमांड) लावलं. दुपार त्यातच गेली. मग बॅच फाइल, म्हणजे बॅकअपच्या कमांड ओळीने लिहिलेली स्क्रिप्ट, डबल क्लिक न करता कमांड प्रॉम्प्टमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) चालवली. या वेळी खिडकी मिटली नाही, एरर वाचता आला: ‘डी’ ही कमांड ओळखता येत नाही. स्क्रिप्टमध्ये अशी कमांडच नव्हती! ड्राइव्हचं नाव मात्र इंग्रजीत ‘आर&डी’ असं होतं.

ड्राइव्हचं नाव वाचून त्याच नावाचं फोल्डर करायचं आणि त्यात एक्सकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडने फाइली टाकायच्या, एवढंच ती स्क्रिप्ट करायची. पण अवतरणचिन्हांबाहेर & दिसला की विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट तिथे एक कमांड संपवतो आणि पुढून दुसरी धरतो. म्हणून फोल्डर झालं नुसतं ‘आर’. ओळीच्या शेवटी असलेला ‘/एस’, जो आतली फोल्डरंही घ्यायला सांगतो, तो गेला त्या डीबरोबर. फाइली थोड्या का होईना जात होत्या, त्यामुळे इतके दिवस कुणाला शंकाच आली नाही. असा अर्धा बॅकअप मला बंद पडलेल्या बॅकअपपेक्षा जास्त घातक वाटतो.

तुमच्यापुढे असं काही आलं तर आधी ‘व्हॉल’ कमांडने ड्राइव्हचं नाव बघा. मग साध्या नावाचा पेन ड्राइव्ह लावून तीच स्क्रिप्ट चालवा. तिथे चालली, तर डिस्क खोलत बसू नका. %, ^ आणि कंसही असाच घोळ घालतात. देवनागरी नाव असेल तर स्क्रिप्टच्या हाती कधी कधी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. मॅकवर तर ड्राइव्हचं नाव थेट पाथमध्येच (फाइलच्या पूर्ण पत्त्यात) येतं, तिथे नुसती मोकळी जागाही स्क्रिप्ट अडवते.

ड्राइव्हचं नाव बदललं असतं तरी भागलं असतं, पण डिझाइनवाल्यांना तेच नाव हवं होतं. मी पाथभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घातली, बॅकअप पुन्हा चालवला. दोन्हीकडची फोल्डरं मोजून आकडा जुळल्यावरच सुपरवायझर काकांपुढे कॉल रिपोर्ट सहीला ठेवला.