ग्लुकोज शोधायचाय? मॅट्रिक्स बाजूला ठेवा, सोनं घ्या

माल्डीवर, म्हणजे लेझरने रेणू उडवून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, प्रथिनं बघताना सीएचसीए मॅट्रिक्स (नमुन्यात मिसळायचं, लेझरची ऊर्जा शोषणारं सेंद्रिय आम्ल) अगदी गुणी बाळासारखं वागतं. पण ग्लुकोजसारखा चिमुकला रेणू शोधायला गेलात, की 172, 190, 379 अशा वस्तुमानांवर (m/z) ते स्वतःच जागोजागी डोकं वर काढतं आणि 500 च्या खाली नुसती गर्दी होते. म्हणून अशा नमुन्यांना मी सोन्याचे नॅनोकण वापरते. लेझरची ऊर्जा कण शोषतात, क्षणात तापतात आणि वर बसलेले रेणू उडतात. कल्पना काही नवी नाही. कोइची तानाका यांनी ग्लिसरॉलमध्ये कोबाल्टची बारीक पूड घालून हेच केलं होतं, 2002 चं नोबेल त्या कामाचं.

क्लोरोऑरिक आम्लाचं 1 मिलिमोलर द्रावण उकळत ठेवा, जोरात ढवळत सोडियम सायट्रेट एकदम ओता. पिवळेपणा जातो, द्रावण काळपट होतं, मग लालबुंद. हे साधारण 13 नॅनोमीटरचे कण. जांभळट झालं तर सरळ टाकून द्या, कण एकमेकांना चिकटलेत. नंतर एकदा सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढा, म्हणजे आलेखावर सायट्रेटची शिखरं कमी होतील. दोन-तीनदा धुवायचा मोह नको. सगळं सायट्रेट गेलं की कण गोळा होतात. खारट नमुन्यातही तेच होतं, तो आधी पातळ करा.

नमुना 1 मायक्रोलिटर, कण 1 मायक्रोलिटर, प्लेटवर टाकून वाळू द्या. चहाच्या कपाचा डाग उठतो तशी कड दिसेल; लेझर तिथेच मारा, मधे फारसं काही मिळत नाही.

आधी नुसत्या कणांचा ठिपका. 196.97, 393.93 आणि 590.90 ही सोन्याची शिखरं, यांवरच यंत्राचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे मोजपट्टी जुळवून घ्या. मी एकदा अख्खी दुपार घालवली: 590.90 झकास, त्याखाली सगळं सपाट. कण बदलले, प्लेट घासली. शेवटी कळलं, प्रथिनांच्या जुन्या मेथडमधला (यंत्रात साठवलेल्या सेटिंगमधला) लहान आयन अडवणारा गेट 500 वर तसाच राहिला होता!

ग्लुकोज सोडियमसोबत 203.05 ला आणि पोटॅशियमसोबत 219.03 ला येतो. किती आहे हे सांगायचं असेल तर ठिपक्यागणिक बदलणाऱ्या उंचीवर भरवसा ठेवू नका. सहाही कार्बन जड, म्हणजे कार्बन-13, असलेला ग्लुकोज ठरावीक मापाने मिसळा. त्याचं शिखर 209.07 ला येतं, आणि 203 ची उंची त्याच्याशी ताडून बघा.