लिंबाची पानं कडेने तपकिरी पडली तर आधी माती बघा

मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा 45 ला टेकला की कुंडीतल्या लिंबाची पानं टोकाकडून करपायला लागतात, कारण पानातून पाणी भराभर उडतं आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, मग शिरांपासून लांब असलेली कड आधी वाळते. लगेच खत टाकू नका प्लीज, मुळं अजून भाजतात! आधी बोट दोन इंच मातीत घाला. कोरडी लागली तर पहाटे भरपूर पाणी, वर पालापाचोळ्याचा जाड थर, दुपारी हिरवी नेट. चिखल आणि कुबट वास असेल तर मुळं सडतायत, पाणी थांबवा, कुंडीचं भोक मोकळं करा. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी खार आली असेल तर ती खरवडून काढा. करपलेलं पान परत हिरवं होत नाही, नवी पालवी कशी येते ते बघा.