ढेकूण घालवताना हमखास होणाऱ्या चुका

जून-जुलै आला की पुण्यात खोल्या बदलतात. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवरून कर्वेनगरच्या फ्लॅटवर, तिथून हिंजवडीच्या पीजीत गाद्या आणि बॅगा टेम्पोत चढतात, आणि गादीच्या शिवणीत बसून ढेकूणही. त्यांना पंख नाहीत, उडी मारता येत नाही. एका घरातून दूरच्या दुसऱ्या घरात ते आपल्या सामानातूनच जातात. म्हणून ‘आमचं घर तर स्वच्छ आहे’ या वाक्याचा इथे फारसा उपयोग नाही. पसारा कमी असला तर त्यांना लपायला जागा कमी मिळते, एवढंच.

ढेकूण पुन्हा पुन्हा होतात त्याचं कारण साधं आहे: दिसला तो मारला जातो आणि फटीतली अंडी तशीच राहतात. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

चावे बघून ठरवणं

अंगावर गांधी उठल्या म्हणजे ढेकूणच, असं नाही. डास, पिसवा, ॲलर्जी, काहीही असू शकतं. उलट, एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला खाज सुटते आणि दुसऱ्याच्या अंगावर खूणही उठत नाही. पुरावा अंगावर नाही, पलंगावर शोधायचा.

दिवसा टॉर्च आणि एखादं जुनं एटीएम कार्ड घ्या. चादर काढा आणि डोक्याकडच्या बाजूपासून सुरुवात करा. गादीच्या काठाची शिवण दोन बोटांनी उलगडून बघा, कार्ड तिच्या दुमडीतून फिरवा. कापसाची गादी असेल तर प्रत्येक टाक्याचा खड्डा बघा. बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ओला कापूस घासा. तांबूस-तपकिरी फराटा उमटला, तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शेजारी फिकट पिवळ्या, पोकळ काती सापडतील. अंडी पांढरी, खसखशीच्या दाण्याएवढी, लाकडाला घट्ट चिकटलेली असतात. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटर, अख्ख्या मसुराएवढा पण चपटा. लांब मिशांचं, चटकन पळणारं काही दिसलं तर ते बहुधा झुरळाचं पिल्लू.

नंतर पलंगाकडे वळा. स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, सनमायका उचकटलेली कड. स्टोरेजवाल्या बेडमध्ये प्लायवूडच्या कच्च्या कडा ही त्यांची सर्वात आवडती जागा, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

दुसऱ्या खोलीत झोपायला जाणं

सुचतं सगळ्यांनाच, पण नुकसान यानेच जास्त होतं. ढेकूण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो. तुम्ही हॉलमध्ये गेलात की चार दिवसांत सोफाही त्यांचाच. घर बंद ठेवून मे महिन्यात गावाला जाण्यानेही काही साधत नाही. मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने सहज काढतो. झोपा तिथेच, पण पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि चारही पाय साबणाच्या पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवा. परदेशी व्हिडिओंत कोऱ्या, गुळगुळीत वाट्या दाखवतात. आपल्याकडे आढळणाऱ्या उष्ण प्रदेशातल्या जातीला गुळगुळीत प्लास्टिकवर बऱ्यापैकी चढता येतं, म्हणून पाणी हवंच. ते तीन दिवसांनी बदला, नाहीतर ढेकणांच्या जोडीला डेंगीचे डास पोसाल.

गादी गच्चीत टाकली की काम झालं, असं समजणं

उष्णतेने ढेकूण मरतात, हे खरं. साधारण 48 अंश सेल्सियस तापमान दीड तास टिकलं तर अंडीही मरतात, 50 च्या वर त्याहून लवकर. पण एप्रिलच्या उन्हात गादीचा वरचा भाग तापतो आणि आतला कापूस कोमटच राहतो. ढेकूण तेवढा आत सरकतो आणि संध्याकाळी गादीबरोबर खाली येतो. ऊन उपयोगी आहे ते पातळ गोष्टींना: चादरी, अभ्रे, कपडे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरून, तोंड बांधून, दुपारभर तापल्या फरशीवर ठेवा. त्याहून खात्रीचं म्हणजे 60 अंशांवर मशीन लावणं. थंड पाण्यात भिजवून अंडी मरत नाहीत.

लोखंडी कॉटला मात्र आजीचा उपाय आजही चालतो: कॉट अंगणात किंवा गच्चीत नेऊन सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. प्लायवूड त्याने फुगतं, तिथे वाफेचं यंत्र वापरा. नळीचं तोंड फटीवरून अगदी हळू फिरवा, एका फुटाला दहा-पंधरा सेकंद. वाफेचा झोत जोराचा असेल तर ढेकूण मरण्याऐवजी उडून पलीकडे पडतात, म्हणून नळीच्या तोंडाला फडक्याची घडी बांधा.

गादी फेकून देणंही बहुतेक वेळा वायाच. ती जिन्यावरून ओढत नेताना ढेकूण पायऱ्यांवर सांडतात आणि नवी गादी त्याच भरलेल्या पलंगावर येते. चेनवालं, न फाटणारं कव्हर संपूर्ण गादीला घालून वर्षभर न उघडणं स्वस्त पडतं.

औषधाचा अतिरेक

झुरळांचा स्प्रे अंथरुणावर मारून उपयोग नसतो. यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात, ढेकणांना त्यांची सवय झाली आहे. ते फार तर भिंतीत किंवा स्विचबोर्डात पांगतात. खोलीत सोडायच्या धुराच्या डब्याचा धूर फटीत शिरतच नाही. डांबराच्या गोळ्यांनी फक्त वास येतो. रॉकेलने आग लागते.

आता खरी धोक्याची गोष्ट. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, तो शेजारच्या खोलीतही जातो आणि त्यावर उतारा नाही. तशीच शेतीची फवारणीची औषधं. पूर्वी घरोघर वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून आपल्या देशात बंद आहे. जुनी बाटली कपाटात असेल तर वापरू नका.

एकाच फवारणीवर थांबणं

पेस्ट कंट्रोलवाल्याने फवारलं, चार दिवस शांत गेले, पंधराव्या दिवशी पुन्हा खाज. औषध वाईट होतं असं नाही. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. पुण्याच्या उबदार हवेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लू महिना-दीड महिन्यात अंडी घालण्याच्या वयाचं होतं. म्हणून दुसरी फेरी 10 ते 14 दिवसांनी हवी, पिल्लं मोठी होण्याआधी. ठरवतानाच हे लिहून घ्या: किती फेऱ्या, औषधाचं नाव काय, घराबाहेर किती तास राहायचं. कामगार येण्याआधी पलंगाचे स्क्रू सैल करा, फटी व्हॅक्यूमने ओढा आणि त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. औषध मारलेल्या फटी त्यानंतर पुसू नका.

कॉट बेसिसवर एकट्याने आपली कॉट साफ करण्यात अर्थ नाही. हिरा ढेकणासंगे भंगतो म्हणतात, इथे तर शेजारची कॉट दोन फुटांवर असते. सगळ्या कॉट, बॅगा आणि भिंतीवरची कॅलेंडरं एकाच दिवशी उतरवायला लावा. फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही सांगावं. संकोच वाटतो, पण ढेकूण वायरींच्या पाइपमधून पलीकडे जाऊन परत येतात.

शेवटच्या खुणेनंतर आठ आठवडे, दर रविवारी, टॉर्च आणि कार्ड घेऊन तीच शिवण आणि तीच फळी बघा. मधल्या काळात जुन्या बाजारातून किंवा ऑनलाइन कुणाचा वापरलेला दिवाण घ्यायचा मोह झाला, तर पैसे देण्याआधी तो उलटा करून खालच्या पट्ट्या बघा. स्लीपर बसने आलात तर बॅग पलंगावर न ठेवता बाथरूममध्ये उघडा, पांढऱ्या टाइल्सवर चालणारं काहीही लगेच दिसतं.