साउंड ऑफ म्युझिक: लाइव्ह आणि सिनेमा ताडून कसा बघायचा

१९६५ चा ज्युली अँड्र्यूजचा सिनेमा आपल्या डोक्यात इतका फिट्ट बसलेला असतो ना, की एनबीसी या अमेरिकन वाहिनीने २०१३ ला टीव्हीवर केलेला लाइव्ह प्रयोग बघताना सारखं वाटतं हे गाणं इथे कुठून आलं. म्हणून आधी १९५९ च्या मूळ संगीत नाटकातला गाण्यांचा क्रम कागदावर लिहून घ्या, मगच दोन्ही बघा.

मग एकच सीन पकडा, वादळी रात्रीचा. सिनेमात मारिया, म्हणजे मठातून कॅप्टनच्या घरी मुलं सांभाळायला आलेली मुलगी, घाबरलेल्या मुलांसाठी माय फेव्हरिट थिंग्ज गाते, लाइव्हमध्ये तिथे लोनली गोटहर्ड येतं कारण नाटकात ते तिथेच आहे, आणि फेव्हरिट थिंग्ज ती आधीच मठात, तिथल्या प्रमुख मदर अ‍ॅबेससोबत गाऊन झालेली असते. हे मठातलं नक्की दोनदा ऐका, दोन बायका जुन्या आठवणी काढत बसल्यात असं वाटतं, मला तेच जास्त आवडतं.

कॅप्टनशी लग्न ठरलेली एल्सा आणि त्यांचा मित्र मॅक्स यांची गाणी सिनेमात कापलीत, लाइव्हमध्ये आहेत, त्यामुळे नाझींपुढे मान तुकवायची की नाही हा वाद तिथे नीट कळतो. समथिंग गुड मात्र सिनेमासाठी लिहिलेलं, तरी लाइव्हवाल्यांनी घेतलंय.

डोंगरांची तुलना नकोच, स्टुडिओत आल्प्स कुठून येणार! त्यापेक्षा गाणाऱ्यांचा श्वास ऐका, तिथे रीटेक नव्हता.