ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधताना क्लिअरन्सच्या या चुका टाळा

"सगळं किट नवीन टाकलंय, तरी गाडी न्यूट्रलला पुढे सरकते." असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्लच पॅकचा क्लिअरन्स, म्हणजे एकावर एक रचलेल्या क्लच प्लेटमधली मोकळी फट, कसा मोजलात?

अशीच एक सहा-स्पीड गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे बॉक्स बांधून महिनाही झाला नव्हता. उघडला तर फॉरवर्ड क्लचच्या (गाडी पुढे नेणाऱ्या क्लचच्या) अस्तर लावलेल्या फ्रिक्शन प्लेट काळ्याठिक्कर आणि स्टील प्लेटवर निळे डाग. ज्या पोराने बांधला होता त्याला बोलावलं, म्हटलं, आता माझ्यासमोर मोज. त्याने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सर्क्लिपखाली, म्हणजे प्लेट जागेवर धरणाऱ्या रिंगखाली, अंगठ्याने दाबून घुसवला. तिथेच कळलं. त्या पॅकमध्ये वेव्ह प्लेट होती, क्लच अलगद लागावा म्हणून लाटेसारखी वाकवलेली. गेज रेटला की ती दबते आणि क्लिअरन्स आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून त्याने जाड सर्क्लिप टाकली होती. खरी फट जवळजवळ उरलीच नव्हती, क्लच सुटला तरी प्लेट घासत राहिल्या.

गेज दोन बोटांनी धरायचा, किंचित अडत सरकला पाहिजे. मी तीन जागी मोजतो. तीन आकडे वेगळे आले तर प्लेट तिरकी बसलीय किंवा सर्क्लिप खाचेत गेलेली नाही. त्याआधी फ्रिक्शन प्लेट अर्धा तास तरी एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) भिजवतो आणि प्लेट दाबणाऱ्या पिस्टनला दोन-तीनदा हवा देतो. पिस्टन तळाशी बसलेला नसेल तर आकडा खोटाच येणार. एका फ्रिक्शन प्लेटमागे साधारण ०.२५ मि.मी., हा माझा पडताळ्याचा हिशेब. पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. त्यात प्लेटवर वजन ठेवून मोजा म्हटलं असेल तर वजन ठेवूनच मोजायचं.

"जुनी शिम होती तीच टाकली" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती शिम, म्हणजे फट जुळवायची पातळ चकती, झिजलेल्या वॉशरच्या जोडीला होती. वॉशर नवा आला की एंड प्ले, म्हणजे शाफ्ट मागेपुढे किती हलतो ते, पुन्हा काढावाच लागतो. बॉक्स उभा करा, पंप वर. नवीन गॅस्केट घालून पंपाचे बोल्ट टॉर्कला आवळा, इनपुट शाफ्टच्या टोकावर डायल गेज लावा आणि शाफ्ट वर ओढा. गॅस्केटशिवाय मोजलेला प्ले मी मोजमाप धरतच नाही. वीस मिनिटांचं काम, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

वॉशर चिकटवायला ग्रीस नको, पेट्रोलियम जेली घ्या. ती तेलात विरघळते.

जुन्या बॉक्सच्या बँडचा (ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्याचा) स्क्रू टॉर्कला आवळून मॅन्युअलमधले फेरे मागे घेताना त्याच्यावर खडूची खूण करा. लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवा, नाहीतर तो सोबत फिरतो.

आणि टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा. फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने खट् करत आत बसतो. पूर्ण बसला की बेल हाउसिंगच्या (बॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाच्या) कडेवर पट्टी ठेवून कन्व्हर्टर किती आत आहे ती खोली मोजा. बॉक्स इंजिनला हाताने भिडत नसेल आणि बोल्टने ओढावा लागत असेल, तर कन्व्हर्टर पूर्ण बसलेला नाही, पाना खाली ठेवा. पंपाचा गिअर तिथेच तुटतो.