सिती बिंती साद यांची ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरच्या तारब गायिका सिती बिंती साद यांचे गाणे थेट तबकडीपासून ऐकायला सुरुवात करू नये. आधी त्या शहराचा नकाशा समोर घ्यावा. सुलतानाचे वाडे आणि अरब व भारतीय व्यापाऱ्यांची दगडी घरे असलेले जुने शहर एका बाजूला, तर खाडीपलीकडे मातीच्या घरांची ङाम्बो वस्ती, जिथे गुलामगिरीतून मुक्त झालेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. तारब हे मुळात सुलतानाच्या दरबारातले अरबी भाषेतील संगीत होते. १८८० च्या सुमारास फुम्बा या खेड्यात गरीब घरात जन्मलेल्या, मडकी विकत फिरलेल्या आणि १९११ मध्ये शहरात आलेल्या सिती यांनी ते स्वाहिली या स्थानिक भाषेत गाऊन ङाम्बोच्या माणसांपर्यंत नेले. त्यांच्या कारकिर्दीचे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि ते ध्यानात ठेवले नाही तर पुढचे सारे ऐकणे केवळ जुन्या सुरांची हौस ठरते.

मार्च १९२८ मध्ये सिती आणि त्यांचे साथीदार ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला मुंबईला आले. स्वाहिली गाण्यांच्या अगदी आरंभीच्या तबकड्यांपैकी या तबकड्या होत. जुनी नाट्यपदे ज्यांनी तबकडीवर ऐकली आहेत, त्यांना एका बाजूच्या सुमारे तीन मिनिटांत गाणे बसवण्याची घाई लगेच ओळखू येईल. खरखर पूर्णपणे काढून टाकलेली प्रत शक्यतो टाळावी, कारण खरखरीबरोबर आवाजाची धारही जाते.

पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागे लागू नये. ऊद (अरबी तंतुवाद्य), व्हायोलिन आणि तालवाद्ये वेगळी करून ऐकावीत. मग कडव्याकडे वळावे: स्वाहिली तारबमधील नेहमीचे कडवे तीन ओळींचे, प्रत्येक ओळ मध्यावर दुभंगलेली, आणि यमक मध्यावर तसेच शेवटीही साधलेले असते. भाषा येत नसली तरी हे यमक कानाला सापडते.

त्यानंतर मात्र भाषांतर हाती घेऊन ‘किजिती’ हे गाणे ऐकावे. दार-एस-सलामहून आलेल्या एका स्त्रीचा खून करणारा पुरुष मुख्य भूमीवर निसटला आणि शिक्षा साक्ष देणाऱ्या स्त्रियांना झाली, या खटल्यावर ते रचलेले आहे. वसाहतकालीन न्यायालयाविषयी लोक काय बोलत होते हे सरकारी दप्तरापेक्षा येथे अधिक स्पष्ट कळते, असे माझे मत आहे.

चरित्रासाठी स्वाहिली साहित्यिक शाबान रॉबर्ट यांचे लेखन हा मुख्य आधार आहे. ते आदराने लिहिलेले असल्यामुळे त्यातील उपदेशाचा भाग बाजूला ठेवून तपशील घ्यावेत. सिती १९५० मध्ये वारल्या. त्यांची गाणी पुढे झांझिबारच्याच गायिका बी किदुडे (मृत्यू २०१३) यांनी अगदी उतारवयापर्यंत गायली. दोघींनी गायलेले एखादे गाणे लागोपाठ लावावे आणि बी किदुडे यांचा खर्जातला, रांगडा आवाज त्याच चालीला कुठे वळवतो, एवढेच टिपावे.